ख्रिस्ती धावगटासोबत शिकागो मॅरेथॉन: तयारी, प्रार्थना आणि निधी यांविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न — पहाटपावले (शॉमबर्ग, इलिनॉय)

नमस्कार. माझे वय ४१ असून गेली अकरा वर्षे मी शिकागोच्या वायव्येकडील उपनगरात राहते. माझ्या कार्यालयातील एका मैत्रिणीच्या चर्चमधील काही जण ‘टीम वर्ल्ड व्हिजन’ या गटातून येत्या ऑक्टोबरात शिकागो मॅरेथॉन धावणार आहेत आणि आफ्रिकेतील गावांना पिण्याचे स्वच्छ पाणी मिळावे यासाठी निधी उभा करणार आहेत. मैत्रिणीने मलाही गटात बोलावले आहे. माझे बालपण माण तालुक्यात गेले. उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेत मांडून ठेवणे हे आमच्या घरी मुलींच्या वाट्याचे रोजचे काम होते. त्यामुळे पाण्यासाठी धावायचे आहे असे कळल्यावर मला नाही म्हणवले नाही.

तरीही होकार कळवण्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. मी सध्या आठवड्यातून तीनदा पाच-पाच किलोमीटर धावते आणि आजवर एकच दहा किलोमीटरची शर्यत पुरी केली आहे, तेव्हा पाच-सहा महिन्यांत पूर्ण मॅरेथॉनची तयारी होऊ शकेल का? दुसरे असे की आमचे घर वारकऱ्यांचे आहे. गटात धावण्याआधी प्रार्थना होते असे मैत्रीण म्हणाली. तिथे मी कसे वागावे, म्हणजे त्यांचाही मान राहील आणि मलाही अवघडल्यासारखे होणार नाही? आणि शेवटचे, ज्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ते: लोकांकडे पैसे मागायचे कसे?

उत्तर — तळ्याकाठचा धावपटू (शिकागो)

ताई, मी ही मॅरेथॉन तीनदा धावलो आहे आणि त्यांपैकी दोनदा याच गटातून, म्हणून शरीराच्या तयारीविषयी लिहितो. प्रार्थनेविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारे इथे आहेत.

पाच-सहा महिने पुरेसे आहेत, मात्र ते सगळे वापरले पाहिजेत. मुख्य सराव साधारण अठरा आठवड्यांचा असतो आणि तो जूनच्या सुरुवातीला लागतो. त्याआधीच्या आठवड्यांत वेग अजिबात न वाढवता आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू पंचवीस किलोमीटरांपर्यंत न्या, म्हणजे जूनमधल्या वाढीचा पायांना धक्का बसणार नाही. पुढे आठवड्यातून चार दिवस धावायचे आणि त्यांतला एकच दिवस लांब पल्ल्याचा ठेवायचा. ती लांब धाव जूनमधील दहा-बारा किलोमीटरांपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ३२ किलोमीटरांवर जाते, पण दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला ती मुद्दाम कमी करायची असते. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरते ठेवायचे. याच काळात बहुतेकांना वाटते की आपला सराव मोडतो आहे, आणि नेमकी तेव्हाच हौसेने केलेली एखादी जादा धाव अंगाशी येते.

लांब धाव कोणत्या वेगाने धावायची, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण पहिल्या वर्षी मी तिथेच चुकलो. प्रत्येक शनिवारी मी शर्यतीच्या वेगाने धावत होतो आणि ऑगस्टमध्ये नडगीच्या दुखण्याने तीन आठवडे घरी बसलो. शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे, हे लांब धावेचे माप समजा. ज्या क्षणी एकेक शब्दावर याल त्या क्षणी वेग कमी करा. धावणे आणि चालणे आलटून पालटून करण्याचा मार्गही पूर्णपणे मान्य आहे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनीच ही पद्धत लोकप्रिय केली आणि आमच्या गटात चार मिनिटे धावून एक मिनिट चालणाऱ्यांची वेगळी तुकडी असे. शिकागोत ४२.१९५ किलोमीटरांसाठी साडेसहा तासांची मुदत आहे, म्हणजे सरासरी सव्वानऊ मिनिटांच्या किंचित आत एक किलोमीटर झाला तरी तुम्ही मुदतीत पोहोचता.

सरावासाठी तुमच्या जवळचे बसी वूड्स हे राखीव जंगल उत्तम आहे. तिथला फेरा सुमारे १२ किलोमीटरांचा आणि सावलीचा आहे, शिवाय गाडी एका ठिकाणी लावून तिच्यातच पाणी व खाणे ठेवता येते. तरी महिन्यातून एकदा शहरात येऊन सरोवराकाठच्या रस्त्यावर धावा, कारण तिथे समोरून येणाऱ्या वाऱ्याशी ओळख होते. शर्यतीचा मार्ग ग्रँट पार्कमधून निघून उत्तरेला लिंकन पार्कच्या पुढे जातो, परत मध्यवस्तीत येतो, मग पश्चिमेकडे वळून पिल्सन आणि चायनाटाउनमधून ब्रॉन्झव्हिलपर्यंत उतरतो आणि मिशिगन अव्हेन्यूने पुन्हा ग्रँट पार्कला येतो. मार्ग जवळजवळ सपाट आहे. अगदी शेवटी रूझव्हेल्ट रस्त्यावर लहानसा चढ लागतो, आणि ४१ किलोमीटरांनंतर तो लहान वाटत नाही. सुरुवातीच्या उंच इमारतींमध्ये घड्याळाचे जीपीएस चुकते, त्यामुळे पहिल्या काही किलोमीटरांत घड्याळावर विसंबून वेग वाढवू नका.

हवामानाचा मात्र भरवसा धरता येत नाही. २००७ साली ऑक्टोबरात तापमान ३१ अंश सेल्सियसच्या आसपास गेले आणि शर्यत मध्येच थांबवावी लागली. तेव्हापासून मी तरी मार्गावरच्या रंगीत झेंड्यांकडे न चुकता पाहतो. हिरवा म्हणजे सर्व ठीक, पिवळा आणि लाल म्हणजे वेग कमी करा, काळा लागला की शर्यत थांबली.

उत्तर — मंडळीतली एक (नेपरव्हिल)

मी मूळची अहिल्यानगरची, तीन पिढ्यांपासूनच्या मराठी ख्रिस्ती घरातली. आमच्या मंडळीतून दरवर्षी जो गट धावतो त्याची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून प्रार्थनेविषयी जे प्रत्यक्ष घडते तेच सांगते.

वर्ल्ड व्हिजन ही १९५० साली सुरू झालेली ख्रिस्ती मदतसंस्था आहे आणि तिच्या धावगटाची सुरुवात २००६ मध्ये याच शिकागो मॅरेथॉनमधून झाली. संस्था आपले ख्रिस्तीपण लपवत नाही. अमेरिकेतील तिचे कर्मचारी ख्रिस्ती असावेत असा तिचा नियम आहे. मदत देताना मात्र घेणाऱ्याचा धर्म पाहिला जात नाही, आणि धावणाऱ्याने ख्रिस्ती असावे अशीही अट नाही. आमच्या गटात एक शीख गृहस्थ आणि कोणताच धर्म न मानणारे दोघे जण आहेत.

शनिवारी सकाळी धावण्याआधी आम्ही वर्तुळ करून उभे राहतो, कुणीतरी बायबलमधील चार ओळी वाचते, मग ज्या गावांसाठी धावतो आहोत तिथल्या मुलांसाठी आणि त्या आठवड्यात ज्यांचे गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी प्रार्थना होते. हे सगळे पाच ते दहा मिनिटांत आटोपते. तुम्ही शांतपणे उभ्या राहिलात तर ते सर्वांना पुरेसे वाटेल. ‘आमेन’ म्हणायलाच हवे असे नाही, आणि मनात आपल्या विठ्ठलाचे नाव घेतलेत तर त्यात कुणाचा अवमानही नाही. मी इतक्या खात्रीने लिहिते, कारण लहानपणी आमच्या शाळेतल्या हरिपाठाला मी अशीच उभी राहत असे आणि मला कुणी कधी परके केले नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तीन-तीन तास बरोबर धावताना माणसे मनातले बोलतात आणि श्रद्धावान माणसाच्या मनात श्रद्धाच असते, तेव्हा कुणीतरी तुम्हाला आपली साक्ष, म्हणजे श्रद्धेचा स्वतःचा अनुभव, सांगेल, कदाचित रविवारच्या उपासनेला यायचे आमंत्रणही देईल. ‘ऐकायला आवडले, पण माझी उपासना वेगळी आहे’ एवढे सरळ उत्तर द्या. त्यानंतरही कुणी आग्रह धरला तर गटप्रमुखाला सांगा; माझ्या गटात तसे झाले तर ते थांबवणे हे माझे काम आहे, असे मी मानते. गटाचा नारिंगी सदरा घातला की त्यावर संस्थेचे नाव असते आणि छायाचित्रे सगळीकडे जातात. घरच्यांना याची कल्पना आधीच द्यावी. ऑक्टोबरात स्पष्टीकरणे देण्यापेक्षा ते बरे.

तुम्ही विचारले नाहीत तरी एक सांगावेसे वाटते, कारण हा प्रश्न आमच्यातही निघतो. मॅरेथॉन रविवारी सकाळी असते. स्कॉटलंडचे एरिक लिडेल यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायचे नाकारून १०० मीटरची शर्यत सोडली आणि त्याच स्पर्धेत ४०० मीटरचे सुवर्णपदक मिळवले. पुढे ते मिशनरी म्हणून चीनला गेले आणि १९४५ मध्ये तिथल्याच नजरकैदेच्या छावणीत वारले. आमच्या मंडळीतील दोन वृद्ध सभासद आजही त्यांच्याच मताचे आहेत, म्हणून ते धावत नाहीत, पण शनिवारी पाणी वाटायला न चुकता येतात. बाकीच्यांसाठी पाळक (चर्चचे धर्मगुरू) आदल्या रविवारी विशेष प्रार्थना घेतात.

उत्तर — हिशेबवही (ऑरोरा)

पैशांविषयी थोडक्यात लिहितो. नाव नोंदवण्याआधी करार वाचा. धर्मादाय गटाकडून मिळणाऱ्या शर्यतीच्या जागेसोबत साधारणतः किमान निधीची हमी द्यावी लागते आणि ती रक्कम जमली नाही तर उरलेली तुमच्या कार्डावरून घेतली जाते. सोडतीतून स्वतःची जागा आधीच मिळाली असेल तर अटी निराळ्या असू शकतात, हे गटप्रमुखांना स्पष्ट विचारून घ्या.

मागताना सर्वांना एकच संदेश पाठवू नका. पहिल्या आठवड्यात ज्यांच्याशी तुमचे रोजचे बोलणे आहे अशा पंधरा जणांना एकेकट्याने लिहा आणि रक्कम सांगा. ५० डॉलरांत एका माणसाला स्वच्छ पाणी मिळते असे संस्था सांगते, तेवढा आकडा लोकांना पुरतो. माणमधल्या हंड्यांचे तुम्ही वर लिहिलेले वाक्य जसेच्या तसे त्या पत्रात घाला. कार्यालय कर्मचाऱ्यांच्या देणगीइतकीच रक्कम स्वतःकडून घालते का, तेही चौकशी करून पाहा. भारतातील नातेवाइकांना मात्र आधीच सांगा की या देणगीवर तिकडे आयकरात सवलत मिळणार नाही.

पैसे कुठे जातात असे विचारणारे भेटतील. विहिरी आणि हातपंप बसवणे हा त्यातला सोपा भाग. पाच वर्षांनी पंप बिघडल्यावर तो दुरुस्त कोण करणार, हा खरा प्रश्न असतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी घानामध्ये पाहणी केली तेव्हा या संस्थेच्या विहिरींपैकी सुमारे ८० टक्के विहिरी वीस वर्षांनंतरही चालू असल्याचे आढळले, आणि गावाची पाणीसमिती व तिने गोळा केलेली पाणीपट्टी हे त्यामागचे मोठे कारण होते. गावाकडची बंद पडलेली नळयोजना ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुन्हा प्रश्न — पहाटपावले

सर्वांचे मनापासून आभार. आज मैत्रिणीला होकार कळवला आणि आईलाही फोन करून सगळे सांगितले. सदऱ्यावरच्या नावाविषयी ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की पाण्याचे काम आहे ना, मग कर. तिनेच एक नवा प्रश्न काढला. मी श्रावणातले सोमवार आणि दोन्ही एकादशा करते, नवरात्रात नऊ दिवस एकवेळ जेवते. आणि मी पूर्ण शाकाहारी आहे. हे सगळे सरावात बसवता येईल का?

उत्तर — सांधेदुरुस्ती (मिलवॉकी, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट)

श्रावणी सोमवारची अडचण नाही, कारण शनिवारच्या लांब धावेनंतर सोमवार विश्रांतीचाच ठेवता येतो; फक्त रविवारी भरपूर आणि नीट जेवा. एकादशी शनिवारी किंवा शुक्रवारी आली तर मात्र लांब धाव रविवारवर ढकला. उपवासाच्या पदार्थांत धावपटूला उपयोगी पडणारे बरेच काही आहे. उकडलेले रताळे मीठ लावून, खजूर आणि राजगिऱ्याची वडी मी माझ्या शाकाहारी रुग्णांना धावताना खायलाही सुचवते. शरीरातील साठवलेले कर्बोदक बहुतेकांचे तीस किलोमीटरांच्या सुमारास संपत येते, म्हणून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत आणि त्याची सवय जुलैपासूनच लावली पाहिजे. शर्यतीच्या दिवशी नवे काहीही खाऊ नका.

नवरात्राविषयी माझे मत स्पष्ट आहे. काही वर्षी ते मॅरेथॉनच्या आठवड्यातच येते, आणि शेवटच्या तीन दिवसांत एकवेळ जेवून ४२ किलोमीटर धावणे मी कुणालाही सुचवणार नाही. तारखा आजच पाहा आणि घरात वडीलधाऱ्यांशी बोलून त्या वर्षापुरता काय नेम करायचा ते ठरवा.

सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असल्यामुळे. पाण्याच्या बाबतीत तहान लागेल तसे प्या, प्रत्येक टेबलापाशी पेला रिकामा करू नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा खाली उतरले होते आणि त्यात जास्त पाणी पिणे हे एक मुख्य कारण होते. धावण्याआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, लांब धावताना तिने मूत्रपिंडांवर ताण येतो. दोन दिवसांच्या विश्रांतीनेही न जाणारी आणि एका बोटाने दाखवता येईल अशी हाडातली दुखापत असेल तर गट थांबला नाही तरी तुम्ही थांबा व दाखवून घ्या.

उत्तर — मंडळीतली एक

आईंना माझा नमस्कार सांगा. शॉमबर्गच्या बाजूचे आमचे काही जण बसी वूड्सलाच शनिवारी सकाळी सहाला जमतात. तुमच्या मैत्रिणीचा गट अजून सुरू झाला नसेल तर तोपर्यंत आमच्याबरोबर धावा. चार मिनिटे धावून एक मिनिट चालणाऱ्या तुकडीत सध्या पाच जणी आहेत. येताना पाण्याची बाटली आणि टोपी आणा, खजूर मी आणते.