मदत हवी आहे: 'अर्भक', 'तान्हं', 'प्राथमिक अवस्था' यांना नेमके इंग्रजी शब्द

ओंजळ:
आरोग्य, शेती आणि उद्योग या विषयांवरचे मराठी लेख इंग्रजीत न्यायचे आहेत. बाळ, तान्हं, अर्भक, नवजात, भ्रूण या सगळ्यांना 'बेबी' लिहून भागत नाही. 'प्राथमिक अवस्थेतील' हे विशेषण तर कर्करोगालाही लागतं, उद्योगालाही आणि कल्पनेलाही. शब्दकोशात नेसंट, इन्सिपियंट, एम्ब्रिऑनिक, इन्कोएट असे शब्द दिसतात, पण कुठला कुठे बसवायचा? पिल्लांचे आणि रोपांचे शब्दही हवे आहेत.

तळटीप:
आधी माणसाचं बाळ, कारण तिथे शब्दांना वयाच्या पक्क्या मर्यादा आहेत.

गर्भधारणेनंतर 8 आठवडे पूर्ण होईपर्यंत 'एम्ब्रियो', नंतर जन्मापर्यंत 'फीटस'. इथे एक हमखास चूक होते. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे गर्भधारणेच्या सुमारे 2 आठवडे आधीपासून. त्यामुळे 'नववा आठवडा' असं लिहिलेलं असेल तर मोजणी कुठून केली ते आधी बघा. पाळीपासून मोजलं असेल तर तो अजून एम्ब्रियोच आहे.

जन्मापासून 28 दिवस पूर्ण होईपर्यंत 'निओनेट', साध्या भाषेत 'न्यूबॉर्न'. पहिल्या वाढदिवसापर्यंत 'इन्फंट'. हा शब्द लॅटिनमधून आला, मूळ अर्थ 'न बोलणारा'. 1 ते 3 वर्षं 'टॉडलर'. टॉडल म्हणजे डुगडुगत चालणं, तेव्हा 'रांगतं बाळ' याला टॉडलर लिहू नका. 'क्रॉलिंग बेबी' लिहा.

'अर्भक' हा शब्द मात्र जपून हाताळा. 'अर्भक मृत्युदर' म्हणजे 'इन्फंट मॉर्टॅलिटी रेट', 1000 जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आतले मृत्यू. पण बातम्यांत पोटातल्या गर्भालाही सर्रास अर्भक म्हणतात. जन्म झाला होता का, हे मजकुरातून शोधल्याशिवाय शब्द ठरवू नका. त्याच्या उलट 'भ्रूणहत्या': पाठ्यपुस्तकात भ्रूण म्हणजे एम्ब्रियो, तरी या शब्दाला रूढ इंग्रजी 'फीटिसाइड' आहे. जन्मलेल्या बाळाची हत्या ती 'इन्फंटिसाइड'.

'अपुऱ्या दिवसांचं' म्हणजे 'प्रीटर्म' किंवा 'प्रीमॅच्युअर', 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं. 'कमी वजनाचं' म्हणजे 'लो बर्थ वेट', 2500 ग्रॅमपेक्षा कमी. या दोन गोष्टी एक नाहीत: पूर्ण दिवसांचं बाळही 2300 ग्रॅमचं असू शकतं.

शब्दकुंचला:
विशेषणांचं मी सांगते. 'प्राथमिक अवस्थेतील कर्करोग' याला 'प्रायमरी कॅन्सर' कधीही लिहू नका. प्रायमरी म्हणजे ज्या अवयवात तो सुरू झाला तिथला. तो चौथ्या टप्प्यावरही प्रायमरीच असतो. तुम्हाला हवा तो शब्द 'अर्ली-स्टेज'. आरोग्याच्या लेखात ही चूक वाचकाची थेट दिशाभूल करते.

बाकीच्या शब्दांना मी एकच प्रश्न विचारते: पुढे काय होणार असं हा शब्द सुचवतो?

'नेसंट' म्हणजे नुकतंच जन्मलेलं आणि वाढीची चिन्हं दिसणारं: नेसंट उद्योग, नेसंट चळवळ. 'इन्सिपियंट' बहुधा नको असलेल्या गोष्टीला लागतो: इन्सिपियंट मोतीबिंदू, इन्सिपियंट बंडाळी. नव्या कंपनीला लावलात तर ती कंपनी म्हणजे एखादं दुखणं वाटेल. 'एम्ब्रिऑनिक' म्हणजे आराखडा आहे, पण अजून बाहेर काही चालू झालेलं नाही. 'फ्लेजलिंग' हे मुळात पंख फुटून उडायला लागलेलं पिल्लू, म्हणून काम सुरू केलेल्या पण अजून डळमळीत संस्थेला तो शोभतो. 'बडिंग' माणसाला: बडिंग कवी, बडिंग खेळाडू. 'इन्कोएट' हा अस्पष्ट, आकार न आलेल्या विचाराला किंवा भावनेला. त्यात थोडी उणीव दाखवलेली असते, म्हणून कौतुकात वापरू नये. कायद्यात मात्र त्याचा ठरलेला अर्थ आहे: गुन्ह्याचा प्रयत्न, कट असे पूर्णत्वाला न गेलेले गुन्हे.

'रुडिमेंटरी' वाढीचं काहीच आश्वासन देत नाही. रुडिमेंटरी ज्ञान म्हणजे तोंडओळख, ती तेवढीच राहू शकते.

ओंजळ:
'प्रकल्प अजून बाल्यावस्थेत आहे' याला 'इन्फंटाइल' चालेल का?

शब्दकुंचला:
नाही. वैद्यकीय संज्ञा सोडल्या तर 'इन्फंटाइल' म्हणजे पोरकट. 'इन इट्स इन्फन्सी' लिहा. आणि 'प्रीमॅच्युअर' बाळाला ठीक, पण प्रकल्पाला लावला की अर्थ होतो 'घाईने, वेळेआधी केलेला'. सुरुवातीच्या अडचणींना 'टीदिंग ट्रबल्स', अगदी दात येण्यावरूनच.

बांधावरून:
पिल्लं आणि रोपं. वासरू, रेडकू आणि हत्तीचं पिल्लू, तिघांनाही 'काफ'. करडू 'किड', कोकरू 'लॅम', शिंगरू 'फोल', पाडस 'फॉन', सिंहाचा छावा 'कब'. पक्ष्यांत तीन पायऱ्या: अंड्यातून नुकतंच निघालेलं 'हॅचलिंग', घरट्यातलं 'नेसलिंग', पिसं भरून घरटं सोडणारं 'फ्लेजलिंग'.

शेतीच्या लेखात खरा घोळ 'अळी'चा होतो. 'लार्व्हा' हा सर्वांसाठीचा शब्द. 'कॅटरपिलर' फक्त फुलपाखरांची आणि पतंगांची अळी, माशीची 'मॅगट', भुंगेऱ्याची 'ग्रब'. म्हणून हुमणी म्हणजे 'व्हाइट ग्रब', तिला कॅटरपिलर म्हटलं तर वाचक उपायही भलताच शोधेल. टोळ, नाकतोडे यांना कोषावस्था नसते; त्यांच्या पिल्लांना 'निम्फ'.

मत्स्यशेतीत मत्स्यजिरे 'स्पॉन', मत्स्यबीज 'फ्राय', बोटुकली 'फिंगरलिंग'. मत्स्यबीज हा शब्द मोघमही वापरतात, तेव्हा 'फिश सीड'.

'कोंब' म्हणजे 'स्प्राउट'. 'रोप' भात, मिरची, टोमॅटोचं असेल तर 'सीडलिंग'. लाकूड धरू लागलेलं कोवळं झाड असेल तर 'सॅपलिंग'. कलमाला यातला एकही शब्द चालत नाही. कलम बांधलेलं असतं, बीपासून उगवलेलं नसतं, म्हणून 'ग्राफ्ट' किंवा 'ग्राफ्टेड प्लांट'. मजकुरात नुसतं 'आंब्याची रोपं' असेल तर ती बियांची की कलमी, हे लेखकाला विचारून घ्या.