जीन्सचे गरम भांडी धरायचे पॅड: सुई मोडते, चटका बसतो, गोट सुटतो

उसवण: जुन्या जीन्सचे २० सेंमीचे चौकोन कापले, मध्ये जुन्या टॉवेलचा एक थर घातला, कडेने शर्टाच्या कापडाचा ५ सेंमी रुंद सरळ पट्टीचा गोट लावला. १४ नंबरची सुई दोनदा मोडली. भांडं उतरवून ठेवेपर्यंत हाताला चटका बसतो. आणि पहिल्याच धुण्यात गोट मागच्या बाजूने सुटला. मशीन साधं घरगुती आहे. कुठे चुकतंय?

काजबटण: सुईचं आधी. चौकोन कापताना पायाची जाड शिवण त्यात आली असणार. त्या दुमडलेल्या शिवणीतच तीन-चार पदर असतात, त्यावर टॉवेल आणि गोट. शिवण टाळून कापा. गुडघा आणि मांडी विरलेली असते, पोटरीमागचं कापड बहुतेक वेळा धड निघतं. जीन्ससाठी मिळणारी १६ नंबरची सुई लावा, टाका ३ ते ३.५ मिमी ठेवा. जाड जागी मशीनचा पाय पुढून वर उचलला जातो आणि सुई तिरकी होऊन खालच्या पत्र्यावर आपटते. म्हणून पायाच्या मागच्या भागाखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, तेवढे टाके चाक हाताने फिरवून घाला. कापड मागून ओढू नका, सुई मोडायचं हेही मोठं कारण.

धावदोरा: चटका अडवते ती थरांमध्ये अडकलेली हवा, नुसती जाडी नव्हे. टॉवेलचे निदान दोन थर घ्या, तेही लूप शाबूत असलेल्या भागाचे. मधला घासून गुळगुळीत झालेला भाग फरशीच्या फडक्याला. वरून आडव्या-उभ्या टिपा मारायच्या तर ५ सेंमी अंतराने. दाट टिपा दिसतात छान, पण थर दाबले जातात. ओला पॅड मात्र कितीही जाड असो, वापरू नका. पाण्यातून उष्णता झटकन हातापर्यंत येते.

शिवण्याआधी कापडाचे धागे काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो.

उसवण: टॉवेलची राख झाली. जीन्सच्या निळ्या धाग्याचीही. पांढऱ्याचा मात्र मणी झाला!

धावदोरा: निळा उभा धागा सुती आणि आडव्या पांढऱ्यात भेसळ, ताणणाऱ्या जीन्समध्ये हे नेहमीचंच. ती पिशवीला ठेवा, तव्याच्या कडेला लागली तर चिकटेल. पॅडला दुसरी, न ताणणारी जीन्स घ्या, पण तिचाही पांढरा धागा तपासूनच.

काजबटण: आता गोट. सरळ पट्टी गोल कोपऱ्यावर नीट वळत नाही, उरेब कापा, म्हणजे ४५ अंशांत तिरकी. शर्टाच्या पाठीत सर्वांत मोठा तुकडा मिळतो. परिघ ८० सेंमी, म्हणून जोड देऊन ९० सेंमी पट्टी करा. रुंदी ८ सेंमी. ती लांबीत दुमडून ४ होते, १ सेंमी माया (शिवणीत जाणारी कड) गेली की ३ उरते. त्यातली १ कडेपर्यंत, पाऊण सेंमी जाडीत, म्हणजे मागे कडेपासून सव्वा सेंमी येते, टिपेच्या पाव सेंमी पुढे. ५ सेंमीच्या पट्टीत मागे काहीच पोचत नाही, टीप हवेत पडते आणि गोट सुटतो.

कोपरे वाटी ठेवून गोल कापा. गोट लावण्याआधी कडेपासून अर्ध्या सेंमीवर चारी बाजूंनी टीप मारून सगळे थर एकत्र बांधा, नाहीतर टॉवेल आत सरकतो. मागची बाजू हातानेच टाचा, टाके अर्ध्या सेंमीचे. मशीनने एका टिपेत दोन्ही बाजू पकडायचा हट्ट एवढ्या जाडीवर नको.

उसवण: गोटाला जुनी टीशर्ट चालेल का? मऊ आहे.

काजबटण: नको. ताणली जाते, पॅडच्या कडेला लाटा येतात. तिची फडकी करा, कडा दुमडायचीही गरज नाही, कारण टीशर्टचं फाशांनी विणलेलं (होजिअरी) कापड धागे सोडत नाही.