पडवीच्या भिंतीवर वाळलेला माल कसा काढावा? (मदत हवी आहे)

किनारा
नमस्कार. घराच्या पडवीची दर्शनी भिंत नव्याने बांधून घेतली असून तिच्यावर गिलावा करायचा नाही, हे सुरुवातीपासून ठरले होते. गवंड्यांनी काम मजबूत केले, परंतु दरजांमधून बाहेर आलेला माल, म्हणजे जोडणीसाठी कालवलेला मसाला, तसाच सोडला. काही ठिकाणी तो ओघळून खालच्या थरावर वाळला आहे आणि खिडकीशेजारी थापी पुसल्याचा वीतभर लांब राखाडी पट्टा उठून दिसतो. परवा एक माणूस अ‍ॅसिड घेऊन येणार आहे आणि तासाभरात भिंत लख्ख करून देतो, असे तो म्हणतो. त्याला येऊ द्यावे की नाही, एवढेच मला आज कळायला हवे. कृपया गिलावा किंवा रंग सुचवू नये.

घाटावरचा
अवश्य येऊ द्यावे. सांगलीच्या आमच्या घराची विटांची भिंत अशीच स्वच्छ करून घेतली होती. एक भाग अ‍ॅसिड आणि दहा भाग पाणी हे प्रमाण ठेवावे, अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतावे, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये, आणि लावण्यापूर्वी भिंत पूर्ण भिजवावी, म्हणजे ती अ‍ॅसिड शोषून घेत नाही. शेवटी भरपूर पाण्याने धुवावे.

चिरेखाण
थोडे थांबा. भिंत विटांची आहे की चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची? माल सिमेंटचा आहे की चुन्याचा? बांधकामाला किती दिवस झाले? हे कळल्याशिवाय अ‍ॅसिडचे प्रमाण सांगण्यात अर्थ नाही.

किनारा
आमच्या राजापूर तालुक्यात भिंत म्हटली की चिऱ्याचीच असते, म्हणून वेगळे लिहिले नाही. माल सिमेंट-वाळूचा, एकास सहा. काम शिमग्याच्या आधी संपले. आता कृपया उत्तर द्यावे, कारण त्या माणसाला आज संध्याकाळपर्यंत कळवायचे आहे.

चिरेखाण
मग त्याला आजच नको म्हणून कळवा. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे असतो आणि बाजारात मिळणारे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सिमेंटबरोबर हे लोहही विरघळवते. ते पाण्याबरोबर खाली उतरते आणि वाळल्यावर पिवळट, गंजासारखे डाग राहतात. शिवाय चिरा छिद्राळ असल्यामुळे आत गेलेले अ‍ॅसिड वरून कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही.

घाटावरचा
भिंत आधी भिजवली तर अ‍ॅसिड आत जाईलच कसे? योग्य रीतीने केलेल्या कामाला विनाकारण बदनाम करू नये.

चिरेखाण
भाजलेल्या विटेबाबत तुमचे म्हणणे मी मान्य करतो, तेथे ही पद्धत जपून वापरता येते. परंतु चिऱ्याच्या भोकांत बोट जाईल एवढी जागा असते आणि पाणी भरलेल्या भोकातही अ‍ॅसिड हळूहळू मिसळतेच. त्यातून मागे उरणारे क्लोराइड समुद्राजवळच्या भिंतीला मुळीच नको आहेत, कारण खारे वारे तसले क्षार आधीच आणत असतात.

देवगडची
माझा अनुभव सांगते. आधी मालावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले तर माल चुन्याचा असतो आणि तो व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने सुटतो.

चिरेखाण
ताई, या परीक्षेवर विसंबता येणार नाही. सिमेंटच्या मालातला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वरच्या थरात कॅल्शियम कार्बोनेट बनतो, त्यामुळे तेथेही बुडबुडे येतात. आणि इथे माल सिमेंटचा आहे, हे त्यांनी आधीच सांगितले आहे.

दुर्गवेडा
मुळात सिमेंट वापरायलाच नको होते. १६६४ मध्ये काम सुरू झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याचे तट चुन्याच्या बांधकामाचे आहेत आणि आजही समुद्रात उभे आहेत. पुढच्या वेळी चुनाच वापरावा.

किनारा
आपल्या भावनेचा आदर आहे, परंतु भिंत उभी झालेली आहे. मला या भिंतीवरचा माल काढायचा आहे.

जुना गवंडी
मी रत्नागिरीकडे पुष्कळ वर्षे चिऱ्याचे काम केले आहे. अ‍ॅसिड नको आणि ग्राइंडरही नको, कारण ग्राइंडरच्या चाकाचे गोल ओरखडे कायमचे राहतात. आधी जाड गोळे काढा. चपटी छन्नी भिंतीला जवळजवळ समांतर धरा, तिचे तोंड गोळा आणि चिरा यांच्या सांध्यात ठेवा आणि लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. घाव नेहमी चिऱ्याच्या मधल्या भागाकडे जाईल असा धरा, काठाकडे धरलात तर चिऱ्याचा टवका मालाबरोबर उडेल. चिरा कोरडाच लावला असेल तर त्याने मालातले पाणी ओढून घेतलेले असते, तेथे गोळा एका ठोक्यात अख्खा सुटतो. उरलेला पातळ थर त्याच खाणीच्या चिऱ्याच्या तुकड्याने गोल गोल घासा. दगडाने दगड घासला की रंग जुळतो आणि घासल्याची भुकटी बारीक छिद्रांत बसते. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे तुटलेले बारीक तुकडे छिद्रांत अडकतात आणि पहिल्या पावसात गंजतात. काथ्याचा ब्रश आणि साधे पाणी पुरे.

प्रेशरवाला
एवढे कष्ट कशाला? प्रेशर वॉशर भाड्याने मिळतो, अर्ध्या दिवसात काम होईल.

जुना गवंडी
चिऱ्याच्या छिद्रांत मऊ माती असते. जोराच्या पाण्याने ती धुऊन निघते आणि छिद्रे मोठी होतात. घट्ट माल मात्र जागचा हलत नाही.

अभ्यासक
यांच्या म्हणण्याला जुना आधार आहे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने आणि सर्वेक्षकाने मलबारातला हा दगड पाहून १८०७ मध्ये लिहिले की, तो खाणीत लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. म्हणजे भिंतीच्या दर्शनी बाजूचा कठीण झालेला थर खरवडून काढणे हे चिऱ्याचे संरक्षणच काढणे होय.

किनारा
सर्वांचे आभार. अ‍ॅसिडवाल्याला येऊ नका म्हणून कळवले. खालच्या कोपऱ्यात सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. गोळे सुटले, आणि थापीचा पट्टा चिऱ्याच्या तुकड्याने घासल्यावर बराच फिका झाला. छिद्रांत भरून बसलेला माल मात्र तसाच आहे. त्याचे काय करावे? आणि पावसाआधी वरून सिलिकॉनचे पाणीरोधक लावून घेऊ का?

जुना गवंडी
छिद्रांसाठी जुने दाभण घ्या आणि माल मधोमध फोडून तुकडे बाहेर ओढा. कडेने उचकटू नका. दोन हात लांबून पाहिल्यावर जे दिसत नाही, ते तसेच राहू द्या. पाणीरोधकाची घाई यंदा नको. नव्या मालातले क्षार अजून बाहेर यायचे आहेत, त्यांना वाट मोकळी हवी. भिंतीवर पांढरी भुकटी आली, तर ती आधी कोरड्या ब्रशने झाडा, पाणी मारलेत तर ती विरघळून पुन्हा आत जाईल. कोपऱ्याच्या चिऱ्यांच्या धारेला छन्नी लावू नका, तेथे फक्त चिऱ्याचा तुकडा वापरा.