जुनं काळपट लाकूड, पितळ, घोंगड्या... चैत्र आणि ईस्टरसाठी घर हलकं कसं करावं?

माळव्यातली_सून

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमच्या घराची सजावट म्हणजे सगळं जुन्या वाड्यातलं सामान. वाडा गेला आणि सामान फ्लॅटमध्ये आलं. हॉलमध्ये सागवानी झोपाळा, त्यावर घोंगडी, पितळी फुल्या ठोकलेला पेटारा, काळंभोर फडताळ आणि त्यात चिनी मातीच्या बरण्या नि तांब्याची भांडी, कोपऱ्यात जातं, भिंतीवर सुपं आणि दोन कंदील. मला यातलं सगळं मनापासून आवडतं, थंडीत तर घर इतकं उबदार वाटतं की बाहेर जाऊच नये. पण रंगपंचमी झाली, ऊन तापायला लागलं की तोच हॉल अंगावर येतो, दिवे लावले तरी लाकूड सगळा उजेड पिऊन टाकतं.

यंदा १९ मार्चला पाडवा, मग तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आमच्याकडे चैत्रगौर बसते, आणि मधेच ५ एप्रिलला ईस्टर. धाकट्या जावेचं माहेर ख्रिस्ती आहे, मूळचे नगरकडचे, तिचे आईबाबा त्या दिवशी आमच्याकडे जेवायला येणार आहेत आणि त्यांना आपलं घर सणाचं वाटावं अशी माझी फार इच्छा आहे. नेटवर ते अमेरिकन प्रिमिटिव्ह स्टाइलचे फोटो बघितले, जुनी कपाटं, त्यावर मिल्क पेंट, सुक्या फांद्यांना टांगलेली अंडी, मांजरपाटाचे तुकडे. छान दिसतं पण जसंच्या तसं इथे मांडलं तर उसनं वाटेल. ह्यांचं म्हणणं फडताळ सरळ पांढरं रंगवून टाकू, माझं मन होत नाहीये. आणि गौरीच्या आसपास अंडी सासूबाईंना चालणार नाहीत, ते मला मोडायचं नाही. सुचवा ना काहीतरी.

रंधा_आणि_पॉलिश

ताई, फडताळ रंगवू नका, एवढं एक ऐका. जुन्या सागात तेल असतं आणि वरून वर्षानुवर्षांचं पॉलिश, त्यावर रंग धरत नाही, पोपडे निघतात. मिल्क पेंट म्हणजे दुधातलं केसीन, चुना आणि रंगाची माती, तो उघड्या लाकडात मुरतो म्हणून तिकडच्या जुन्या फार्महाउसमधल्या लाकडावर इतकी वर्षं टिकला. तुमचं फडताळ आधी खरवडून काढावं लागेल आणि ते एकदा खरवडलं की परत तसं होणे नाही.

त्यापेक्षा फडताळाची आतली पाठ उजळा. पुठ्ठा मापात कापायचा, त्यावर पांढऱ्या जमिनीचं कापड ताणून मागे चिकटवायचं आणि तो पुठ्ठा बरण्यांच्या मागे नुसता उभा करायचा, खिळा नाही की गोंद नाही. आपल्याकडे धार जिल्ह्यातलं बाग प्रिंट सहज मिळतं, पांढऱ्यावर लाल-काळी बुट्टी, तेच घ्या. काळं लाकूड मग चौकट होतं आणि बरण्या पुढे येतात. सण झाले की पुठ्ठा काढून ठेवा.

लाकडावरची धूळ आणि जुना तेलकटपणा काढलात तरी अर्धा काळेपणा जाईल. किंचित ओलं फडकं, लगेच कोरडं. खोबरेल किंवा मोहरीचं तेल अजिबात लावू नका, चिकट राहतं आणि धूळ धरतं. लिनसीड म्हणजे जवसाचं तेल लावायचं तर अगदी पातळ, आणि त्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात, खरंच घेतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यायची आणि मगच फेकायची.

चैत्रपालवी

मला विचाराल तर नवीन काही आणायच्या आधी निम्मं सामान आत टाका. सुपं, कंदील, जातं, पेटारा, घोंगडी सगळं एकाच हॉलमध्ये असलं की कशाकडेच नीट बघणं होत नाही. घोंगडीला कडक ऊन दाखवा, सुकलेला कडुलिंबाचा पाला घालून पेटाऱ्यात ठेवा, तिचं काम आता दिवाळीनंतर. झोपाळ्यावर पांढरी सुती चादर. एक कंदील राहू द्या, दुसरा आत. भिंतीवर सुपं पाच असतील तर एकच ठेवा, आणि तेही गौरीच्या मागे.

पडदे जाड असतील तर आजच काढा. कपाटात जुनी महेश्वरी साडी असेलच, विरळ विणीची, काठ अजून धड असलेली, ती न कापता नुसती रॉडवर टाका. सकाळचं ऊन तिच्यातून गाळून आलं की हॉलचा रंगच बदलतो. पश्चिमेच्या खिडकीला मात्र बांबूची चीक, म्हणजे काड्यांचा पडदा, हवाच, एप्रिलमध्ये इंदूरचं दुपारचं ऊन साडीला आवरत नाही.

पितळ आणि तांबं चिंच-मीठ लावून घासा, काळवंडलेलं पितळ उजेड खातं आणि घासलेलं परत फेकतं, म्हणून समई आणि घंगाळ खिडकीसमोर ठेवायचं.

आणि जवारे घाला!! माळव्यात गणगौरीला घालतातच. गहू रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मातीच्या पसरट कुंडीत दाट पसरून वर माती भुरभुरायची, रोज पाणी शिंपडायचं. आठेक दिवसांत चार बोटं वर येतात. अंधारात ठेवलेत तर पिवळे येतात, तुम्हाला हिरवे हवेत म्हणजे खिडकीशी ठेवा. कुंडी मग पितळी परातीत बसवा, माती थेट परातीत घालू नका, डाग पडतात. गौरीपुढे शोभतात आणि ईस्टरच्या टेबलावरही शोभतात. काळ्या लाकडावर तो पोपटी रंग बघाच तुम्ही.

नगरची_लेक

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी माहेरची नगरची, आता इंदूरलाच व्हाइट चर्चकडे राहते. जावेच्या आईबाबांच्या बाजूने थोडं सांगते.

३ एप्रिलला गुड फ्रायडे आहे, तेव्हा उपासकाळ (लेंट) चालूच असतो, आमच्याकडे त्या दिवशी घर अगदी साधं असतं. म्हणून ईस्टरचं असं जे काही मांडाल ते शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी मांडा, त्यांच्या लगेच लक्षात येईल. उपासकाळाचा रंग जांभळा आणि ईस्टरचा पांढरा, तेव्हा टेबलावर पांढरं स्वच्छ कापड आणि निशिगंधाच्या काड्या एवढंही पुष्कळ झालं. लिली नाही मिळाली तरी काही अडत नाही. मोगरा तर तुम्ही गौरीसाठी आणालच, एक वाटी तिकडेही ठेवा.

सशाची काळजी करू नका, आमच्या घरी ससा कधीच नव्हता. ती जर्मन लोकांची पद्धत, अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात गेले तेव्हा सोबत घेऊन गेले. तुम्ही बघितलेली फांदीवरची अंडीही त्यांच्याकडचीच, आणि त्यांच्यातलं सगळ्यात देखणं काम म्हणजे कांद्याच्या सालांत उकडून तांबूस केलेल्या अंड्यावर टोकदार सुरीने वेलबुट्टी कोरायची, रंग खरवडला की खालचं पांढरं कवच दिसतं. मी दरवर्षी दोन-चार तरी करते. सुक्या सालांनी पातेलं भरायचं, चमचाभर व्हिनेगर, पांढरी अंडी घालून उकडायचं आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं. हे तुमच्याकडे चालणार नाही ते ठीकच आहे, सासूबाईंचं मन राखा. जावेच्या आईला सांगितलंत तर त्या आपल्या घरी करतील.

तुमच्याकडे लाकडाची अंडी करा. सीहोर जिल्ह्यातल्या बुधनीला खरादीवर, म्हणजे लाकूड फिरवून घडवायच्या यंत्रावर, लाखेची खेळणी करतात ना, त्या प्रकारची. फांदीसाठी पांढऱ्या चाफ्याची निष्पर्ण फांदी घ्या, या दिवसांत तिला टोकाला कळ्या असतात. कापल्यावर चीक गळतो, तो हाताला लागला की खाज येते, म्हणून दिवसभर बाहेर सावलीत ठेवून मग आत आणा.

रंधा_आणि_पॉलिश

चाफा जात्याच्या मधल्या भोकात उभा राहील बघा. दगड जड, पडायची भीती नाही. मग जातं आत टाकायलाही नको. चैत्रपालवी ताई, एवढं एक राहू द्या 🙏

चैत्रपालवी

राहू द्या, फांदीसाठी कबूल. पण मग पेटारा तरी आतल्या खोलीत जाऊ दे.

माळव्यातली_सून

किती छान सुचवलंत सगळ्यांनी! ह्यांना फडताळाचं वाचून दाखवलं, ब्रश आणायचं रद्द झालंय. पाडव्याआधी घोंगडी, पेटारा, सुपं आत आणि पितळ घासून काढते, गहू २७-२८ मार्चला घालते म्हणजे ५ तारखेला बरोबर येतील. सासूबाई म्हणाल्या गौरीपुढचं चैत्रांगण त्या दिवशी पुसायचं नाही, उलट जावेच्या आईला हळदीकुंकवाच्या जागी मोगरा आणि पन्हं देऊ, आंबेडाळ तर असणारच. फांदी झोपाळ्याच्या बाजूला, गौरीपासून लांब.

एकच विचारायचं राहिलं, लाकडी अंडी बुधनीलाच मिळतील का? तिकडे जाणं होणार नाही आणि मला रंगीत नकोत, लाकडाचा रंग दिसलेला हवाय.

रंधा_आणि_पॉलिश

बुधनीला जायची गरज नाही, पाट-पोळपाट करणारा कुठलाही खरादीवाला करून देईल. नमुन्याला अंडं नेऊ नका, कागदावर आकार काढून न्या, उंची साडेपाच सेंटिमीटर धरा. सागवानी सांगू नका, परत काळसर दिसेल, फिक्या रंगाचं हलकं लाकूड मागा. पॉलिश नको, घरी मेण चोळा. आणि दोऱ्यासाठी भोक त्याच्याकडूनच पाडून घ्या, एवढ्या छोट्या गोल वस्तूला घरी ड्रिल लावायला गेलात तर ती हातातून सटकते आणि बोटाला लागतं.