कोकणातील बेने इस्राएल वारशाची सहल : सहभागींचे अनुभव

मुंबई, अलिबाग-रेवदंडा आणि पुणे येथील ज्यू वारसास्थळांची समूहाने सहल केलेल्यांनी आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आम्ही केली होती. या सहलींत कोकणाशी रक्ताचे नाते असलेले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणारे ज्यू, कुटुंबीय होते, तसेच केवळ इतिहासाच्या ओढीने आलेली माणसेही होती. लेखकांच्या इच्छेनुसार नावे न देता केवळ गाव आणि व्यवसाय दिला आहे. मजकुराची काटछाट केलेली नाही.

सेवानिवृत्त इतिहासशिक्षक, ठाणे

मांडव्याला लाँचमधून उतरून आमची बस अलिबागच्या रस्त्याला लागली, तेव्हा वाटेवरील पाट्या वाचण्यातच निम्मा अभ्यास झाला. झिराड आले, त्यावरून झिराडकर. किहीमकडे जाणारा फाटा आला, त्यावरून केहिमकर. पुढे नवगाव, त्यावरून नवगावकर. रायगड जिल्ह्यातील शंभराहून अधिक गावांची नावे अशा रीतीने बेने इस्राएल आडनावांत उतरली आहेत. गावोगावी घाणे चालवून तेल गाळणारा, शनिवारी मात्र घाणा बंद ठेवणारा आणि म्हणून 'शनिवार तेली' या नावाने ओळखला जाणारा हा समाज कोकणात किती खोलवर पसरला होता, हे नकाशापेक्षा आडनावेच अधिक स्पष्टपणे सांगतात.

नवगावला पाहण्यासारखे फारसे काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे जाणाऱ्यांचा हिरमोड होणार नाही. दफनभूमी आहे, स्मारकस्तंभ आहे आणि समुद्र जवळच आहे. परंपरा अशी की, याच किनाऱ्यालगत एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांचे देह येथे पुरण्यात आले. धर्मग्रंथ, सामानसुमान सारे समुद्रात गेले. उरली ती 'शमा इस्राएल' ही प्रार्थना, सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे काही नियम.

आमच्या मार्गदर्शकांनी इसवी सनपूर्व १७५ हे साल ठामपणे सांगितले, तेथे मात्र मला हात वर करावा लागला. या सालाला शिलालेख, ताम्रपट किंवा समकालीन नोंद असा कोणताही आधार नाही. समाजाचा पहिला सविस्तर इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्यातही हा भाग मौखिक परंपरेवरच उभा आहे. समुद्रातून आलेल्या चौदा प्रेतांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीविषयीही सांगितली जाते, हे साम्य कोकणच्या कोणत्याही अभ्यासकाच्या नजरेतून सुटणार नाही. दुसरीकडे, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेतील ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा असे दोन्ही वंशांश आढळले, आणि ही सरमिसळ साधारणपणे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली असावी, असा अंदाज मांडला गेला. म्हणजे पूर्वज पश्चिमेकडून आले हे खरे. कधी आले, हा प्रश्न मोकळाच राहतो. चौलचे बंदर ग्रीक खलाशांना ठाऊक होते आणि दहाव्या शतकात अल मसूदीही तेथे येऊन गेला होता, हे लक्षात घेतले तर माणसे येथे पोहोचण्यासाठी एखाद्या चमत्काराची गरज नव्हती, एवढे मी म्हणेन.

परिचारिका, अश्दोद (इस्राएल)

माझा जन्म भायखळ्याचा. शाळेत असतानाच आम्ही इस्राएलला गेलो, त्यामुळे माझे मराठी घरातले आहे आणि ते आई व मावशीने टिकवले आहे. या सहलीला मावशी आणि माझी मुलगी अशा आम्ही तिघी आलो होतो. मावशी सबंध बसशी मराठीत बोलत होती आणि माझ्या मुलीला हिब्रू आणि थोडे इंग्रजी येते.

अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन आबोथ सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) १८४८ चे असून १९१० मध्ये ते नव्याने बांधले गेले. प्रार्थना संपल्यावर मावशीने शेजारच्या बाईंचे हात दोन्ही हातांत घेऊन हातबोशी केली आणि मग स्वतःची बोटे ओठांना लावली. अश्दोदला आमच्या सिनेगॉगमध्येही म्हातारी माणसे हे करतात. माझ्या मुलीला ती आजीची खासगी सवय वाटत असे. येथे अनोळखी माणसांनी तेच केल्यावर ती चकित झाली.

दफनभूमीत मावशीच्या आजोबांची कबर सापडली. दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी कोरलेले होते. मावशीला हिब्रू अक्षरे प्रार्थनेपुरती येतात, आकडे म्हणून ती वाचायची सवय नाही, आणि मुलीला देवनागरी येत नाही. मुलीने वरची अक्षरे वाचून बेरीज केली : ताव म्हणजे ४००, रेश २००, आयिन ७०, बेत २. एकूण ६७२, आणि पाच हजार गृहीत धरायचे, म्हणजे हिब्रू वर्ष ५६७२. खाली मावशीने 'सन १९१२' वाचले. ५६७२ हे वर्ष १९११ च्या सप्टेंबरात सुरू झाले होते, तेव्हा दोन्ही नोंदी जुळल्या. मग त्या दोघींनी ओळीने बाकीचे दगडही असेच वाचायला घेतले आणि बस अर्धा तास थांबवावी लागली, त्याबद्दल बाकीच्यांनी कुरकुर केली नाही, याचे आभार मानते.

सहलींचे नियोजन करणाऱ्या, मुंबई

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात. मुंबईतील सिनेगॉगमध्ये, विशेषतः २००८ च्या हल्ल्यानंतर, ओळखपत्र पाहिल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. परवानगी आधी घ्यावी. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, असतो, त्या वेळी पर्यटक म्हणून जाऊ नये आणि छायाचित्रे तर काढूच नयेत. पुरुषांनी डोके झाकावे. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात. गावांतील सिनेगॉगच्या किल्ल्या बहुधा जवळपास राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडे असतात. त्यांना आदल्या दिवशी दूरध्वनी करावा, दारात उभे राहून हाका मारू नयेत.

वास्तुविशारद, पुणे

पुण्यात राहून 'लाल देऊळ' रोज पाहणाऱ्यांपैकी मी एक. तांबड्या विटा, काळा दगड आणि सुमारे नव्वद फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा, यांमुळे परगावचा माणूस त्याला हमखास चर्च समजतो. ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग आहे आणि ते १८६७ मध्ये पूर्ण झाले. ते बांधायला घेणारे डेव्हिड ससून १७९२ मध्ये बगदादमध्ये जन्मले, १८३२ च्या सुमारास मुंबईत आले आणि १८६४ मध्ये पुण्यातच वारले. इमारत पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाही, पण त्यांची कबर तिच्याच आवारात आहे.

सहलीत आम्ही हे सिनेगॉग आणि रास्ता पेठेतील सुक्काथ श्लोमो एकाच सकाळी पाहिले, हे नियोजन मला फार आवडले. सुक्काथ श्लोमो १९२१ चे, बेने इस्राएलांनी आपल्या ऐपतीप्रमाणे बांधलेले, पेठेतल्या घरांच्या रांगेत बसलेले. दोन इमारतींमधले अंतर रिक्षाने काही मिनिटांचे. समाजातले अंतर मात्र मोठे होते. बगदादी ज्यू, म्हणजे ससून यांचा समाज, अरबी बोलणारे, व्यापारातून गब्बर झालेले आणि इंग्रजांच्या जवळचे होते. बेने इस्राएल मराठी बोलणारे, पलटणीत, रेल्वेत, कारकुनीत आणि शाळांत नोकरी करणारे होते. बगदाद्यांनी त्यांच्याशी बेटीव्यवहार टाळला आणि दफनभूमीतही वेगळेपणा ठेवला. वारसासहलींत हा विषय बहुधा हसतमुखाने टाळला जातो. आमच्या मार्गदर्शकांनी तो टाळला नाही, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मुंबईत काळा घोड्याजवळच्या केनेसेथ एलियाहू या १८८४ च्या सिनेगॉगचे जतनकाम २०१९ मध्ये पूर्ण झाले आहे. रंगीत काचांमधून दुपारी प्रार्थनागृहात उतरणारा प्रकाश पाहण्यासाठी वेळ राखून ठेवावा. मला अधिक ओढ वाटली ती मात्र मशीद बंदरजवळच्या सॅम्युएल स्ट्रीटवरील शआर हाराहमीमची. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल इझीकेल दिवेकर या सुभेदाराने १७९६ मध्ये स्थापन केलेले हे मुंबईतील पहिले सिनेगॉग. मशीद या रेल्वेस्थानकाचे नाव त्याच्यावरूनच पडले, असे सांगतात. मालाच्या हातगाड्यांतून वाट काढत तेथे पोहोचावे लागते, आणि तसेच पोहोचावे.

एक सहभागी, डोंबिवली

वरील लेखांत इमारती आणि सनावळ्या पुष्कळ आल्या, म्हणून मी मलिद्याबद्दल, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या विधीबद्दल आणि त्यातील प्रसादाबद्दल, लिहिते. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एक कातळ आहे, त्यावरील खुणा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या आहेत, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. त्याला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात. नवस फेडायला, लग्न ठरल्यावर किंवा परदेशातून कोकणात आल्यावर माणसे तेथे जातात.

मलिदा आमच्यासमोरच केला गेला. पातळ पोहे धुऊन निथळत ठेवले, त्यात ओले खोबरे, साखर, वेलची, जायफळ, बदामाचे आणि पिस्त्याचे काप घालून हलक्या हाताने कालवले, आणि परातीत त्याची रास केली. भोवती फळे मांडली आणि सुगंधासाठी सब्ज्याची पाने ठेवली. मग पुरुषांनी एलियाहू हन्नाबीचे गीत म्हटले आणि प्रत्येक गोष्टीवर वेगळा आशीर्वाद झाला : झाडाच्या फळासाठी खजूर, जमिनीतून येणाऱ्या फळासाठी केळे, सुगंधासाठी सब्जा. केळे हे झाडाचे फळ धरत नाहीत, कारण त्याचा बुंधा दरवर्षी नवा येतो, हे स्पष्टीकरण ऐकून आमच्या गटातील वनस्पतिशास्त्राच्या एका बाई खूश झाल्या.

आमच्या सत्यनारायणाच्या प्रसादाशी याची तुलना गटात लगेच सुरू झाली. एका वयस्कर बेने इस्राएल गृहस्थांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "काका, मूर्ती नाही, कथा नाही, फक्त देवाचे आभार आहेत. बाकी पोहे तुमचे-आमचे एकाच भातातले." त्यानंतर तुलना थांबली आणि खाणे सुरू झाले.

दुपारच्या जेवणात मटणाच्या रश्श्याला नारळाचे दूध होते, कारण मांसाबरोबर दुधदुभते चालत नाही. गोड म्हणून चिकाचा हलवा होता : गहू भिजवून, वाटून काढलेला चीक नारळाच्या दुधात आणि साखरेत घोटत बसायचे, सुकामेवा पेरून वड्या पाडायच्या. हा मान खरे तर नव्याच्या सणाचा, म्हणजे हिब्रू नववर्षाचा; पाहुण्यांसाठी अवेळी केला होता. घोटायला किती वेळ लागला, असे विचारल्यावर घरच्या बाईंनी उत्तर न देता दंड दाबून दाखवला.

बँक अधिकारी, नाशिक

तक्रारीचा सूर लावतो, पण तो आवश्यक आहे. आमच्या सहलीच्या आयोजकांनी चौल आणि रेवदंडा एकाच दुपारी उरकले. रेवदंड्याचे बेथ एल सिनेगॉग, पोर्तुगीज कोट, पडक्या चर्चचा उंच मनोरा, चौलचे रामेश्वर मंदिर, हे सारे एका दुपारीत पाहायचे म्हणजे पाहिल्याची नोंद करायची. काही मैलांच्या परिसरात सिनेगॉग, चर्च, देऊळ आणि मशीद का उभी राहिली, याचे उत्तर बंदरात आहे, आणि नेमके बंदर आम्हाला बसच्या खिडकीतून दाखवले गेले. खाडी गाळाने भरली, व्यापार सरला, मुंबईने माणसे ओढून घेतली; ही गोष्ट उभे राहून सांगायची आहे. पुढील गटांनी येथे एक मुक्काम करावा.

मराठीच्या प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)

माझे कारण ग्रंथालयीन होते. पुण्यात १८७४ मध्ये हिब्रू आणि मराठी मजकुराची, चित्रांसह हगादा छापली गेली. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातील गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायच्या या पोथीत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दाखवल्या आहेत. सहलीत तिच्या पानांच्या प्रती पाहायला मिळाल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८८० च्या सुमारास, बेने इस्राएलांनी कीर्तनही आपलेसे केले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी, अभंगांतून रंगवली. एका आजींनी योसेफाच्या आख्यानातील दोन साक्या म्हणून दाखवल्या. चाल अस्सल कीर्तनी, पूर्वरंग-उत्तररंगाची जाणीव पक्की. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या संपूर्ण परंपरेला मिळणारी जागा एका परिच्छेदापुरती असते, आणि पाठ्यक्रमात तीही नसते. हा दोष आमच्या विद्यापीठीय मंडळींचा आहे.

एक प्रश्न अश्दोदच्या बाईंना विचारावासा वाटतो. येथे छळ नव्हता, असे सर्व जण सांगतात. मग समाज गेला का?

परिचारिका, अश्दोद : उत्तर

छळ नव्हता, हे खरेच आहे. १९४८ च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्राएल होते, आणि त्यांतील बहुतेक पुढच्या दोन-तीन दशकांत गेले. कोणी धर्माच्या ओढीने गेले, कोणी इंग्रज गेल्यावर रेल्वेतील आणि सरकारी नोकऱ्यांचे काय होईल या काळजीने, आणि पुष्कळसे फक्त भाऊ गेला म्हणून गेले. आमचे घर तिसऱ्या प्रकारातले.

तिकडे मात्र सगळे सरळ झाले नाही. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कार्यालयाने सूचना काढली की, बेने इस्राएल व्यक्तीला अन्य ज्यू व्यक्तीशी लग्न करायचे असेल, तर तिच्या आईकडच्या पिढ्यांची जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. कोकणातल्या तेल्यांनी कागद कुठून आणायचे? १९६४ च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्या ऑगस्टमध्ये संसदेने खास बैठक घेऊन बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असा ठराव केला, आणि नंतर ती सूचनाही बदलली गेली. माझी मावशी त्या धरण्याला गेली होती. नवगावच्या स्तंभासमोर इतिहासाचे शिक्षक पुराव्याविषयी बोलत होते, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "ह्यांना सांग, पुरावा आमच्याकडे एकदा मागून झालाय." शिक्षकांचे म्हणणे मला पटते आणि मावशीचेही पटते.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याकडची मंडळी येणार आहेत. त्यांचे गाव म्हसळ्याकडचे, म्हणून पेण आणि पनवेलच्या सिनेगॉगांबरोबर दक्षिण रायगडही सहलीत घ्यावा, अशी आयोजकांना विनंती आहे.