पार्किंग मोड आणि बॅटरी
पार्किंग मोडमध्ये, म्हणजे गाडी बंद करून उभी असतानाही, डॅशकॅम (गाडीत पुढे लावलेला रेकॉर्डिंगचा कॅमेरा) रात्रभर चालू राहिला तर सकाळी गाडी सुरू होईल का, असा प्रश्न आहे. एका रात्रीत सहसा काही होत नाही. कॅमेरा साधारण ०.३ अँपिअर खातो, म्हणजे १२ तासांत जेमतेम साडेतीन अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. खरी गंमत चार दिवस गावाला गेलात की! म्हणून कट-ऑफ (बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की कॅमेरा बंद करणारी सोय) असलेलं हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडणारा संच, बसवा आणि तो कट-ऑफ १२.२ व्होल्टवर ठेवा. मी हावरेपणाने ११.८ वर ठेवला होता, मग वॉचमनला घेऊन धक्का मारला. गाडी उन्हात उभी राहत असेल तर लिथियम बॅटरीचा कॅमेरा नकोच, सुपरकपॅसिटरवाला (बॅटरीऐवजी वीज साठवणारा, उष्णता सोसणारा भाग असलेला) बघा. गाडीची बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर आधी तीच तपासा.