पाठुंगळी, झोळी की कुंची?

चिमणी
एका बालमासिकासाठी मजकूर मराठीत करतेय. नुनावुतमधलं, म्हणजे कॅनडाच्या पार उत्तरेचं एक इनुइट कुटुंब सुट्टीच्या दिवशी गोठलेल्या समुद्रावरून मासे धरायला निघतं. आईच्या अंगात 'अमाउटी'. जाड कोट, पाठीवर मूल मावेल अशी पिशवी त्यातच शिवलेली, वर दोघांची डोकी झाकेल एवढं मोठं टोपडं. मी लिहिलं, 'आईनं बाळाला पाठुंगळी घेतलं.' संपादकांनी लाल रेघ मारली. म्हणे पाठुंगळीला मूल गळ्यात हात टाकून लोंबकळतं, इथं ते पिशवीत बसलंय. माझी आजी तर लुगड्यानं पाठीशी बांधलेल्या पोरालाही पाठुंगळीच म्हणायची. आता काय करू?

बार्शीकर
संपादक बरोबर आहेत. शब्दातच 'गळा' आहे की! पाठ अधिक गळा. आमच्याकडे तर 'पाठकुळी'च म्हणतात.

गाडीवानाचा नातू
अहो, मग 'करंगळी'तही गळा शोधा!

सुमनकाकू
सरळ 'झोळी' लिही गं. सगळ्यांना कळतं.

चिमणी
काकू, झोळी म्हटलं की मला ऊसतोडीच्या बायका आठवतात. झोळी झाडाला टांगलेली, पोर आत झोपलेलं. इथं आई चालतेय आणि पोर तिच्याबरोबर.

सुमनकाकू
मग कुंची. डोकं झाकतं, पाठीवरही उतरते.

बार्शीकर
कुंची बाळाची असते हो काकू, आईची नव्हे. आईला कुंची घातली तर वाचणारी पोरं हसतील. त्यापेक्षा पावसातली घोंगडीची खोळ जवळची.

उत्तरेचा वारा
नोकरीमुळे इकालुइतला, म्हणजे नुनावुतच्या राजधानीत, दोन हिवाळे काढलेत, म्हणून बोलतो. दुकानात रांगेत पुढे उभ्या बाईच्या खांद्यावरून एक लालबुंद गालाचं तोंड माझ्याकडे टक लावून बघत होतं. तीच अमाउटी. कमरेला बाहेरून पट्टा आवळलेला असतो, म्हणून पोर खाली सरकत नाही. खांदे मुद्दाम इतके ऐसपैस बेततात की पाजायची वेळ झाली की आई कोट न काढता आतल्या आतच बाळाला पुढे घेते. बाहेर उणे ३५ असताना ही सोय काय असते ते तिथं गेल्यावरच कळतं. नावाचं मूळही 'पाठीवर मूल वाहणं' हेच. तेव्हा आजीबाईंचा शब्द मला तरी चुकीचा वाटत नाही. पण माझं मत विचाराल तर 'अमाउटी'च ठेवा, एकदा नीट वर्णन करा. 'इग्लू' आणि 'कयाक' नाही का आपण तसेच्या तसे घेतले?

चिमणी
वा! मग 'कामुटीक'चंही सांगा, ती बर्फावरून ओढायची बिनचाकी गाडी. मी 'घसरगाडी' केलंय. तिच्या खालच्या लांब फळ्यांना काय म्हणू?

गाडीवानाचा नातू
'धाव'!

बार्शीकर
धाव चाकाला चढवतात. जिथं चाकच नाही तिथं धाव कसली?

गाडीवानाचा नातू
लाकूड झिजू नये म्हणून जमिनीला लागणारी पट्टी म्हणजे धाव. आजोबा लोखंडाची धाव लाल होईपर्यंत तापवून चाकावर बसवायचे आणि वरून पाणी ओतायचे, चर्र आवाज अजून कानात आहे. चाक असो नसो, काम तेच.

उत्तरेचा वारा
म्हणजे फळीला नाही, फळीखालच्या पट्टीला धाव म्हणा. पूर्वी फळीच्या तळाला ओली माती थापून गोठवत, वरून पाण्याचा हात फिरवून गुळगुळीत करत. आता प्लास्टिकची पट्टी. आडव्या फळ्या मात्र अजून दोरीनेच आवळतात, खिळा नाही. इकालुइतला भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या वर जातो, त्यामुळे किनाऱ्यालगतचा बर्फ उखडून ढिगारे होतात. त्यावरून जाताना गाडी वाकली पाहिजे. खिळे मारले तर मोडेल. पुढे स्नोमोबाइल, मागे ही गाडी, तिच्यावर प्लायवूडची पेटी, पेटीत कॅरिबूचं कातडं, थर्मास आणि पोरं.

शुद्धलेखक
सगळे 'बर्फ बर्फ' काय चालवलंय? हा फारसी शब्द. पोरांच्या हाती 'हिम' द्या. 'महापौर' आणि 'दिनांक' रुळले, तसं हेही रुळेल.

उत्तरेचा वारा
गंमत म्हणजे फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडतो तो, पाणी गोठून झालेल्याला 'यख'. आपण मात्र गोळ्याच्या गाडीवर किसतात त्यालाही बर्फच म्हणतो. इनुइट भाषेत समुद्रावरचा 'सिकू', जमिनीवर पडलेला 'आपुत', पडत असलेला 'कानिक'. या गोष्टीतली माणसं सिकूवरून निघालीत, हिमावरून नव्हे.

शुद्धलेखक
म्हणूनच तर! 'हिम' आणि 'गोठण' असे दोन शब्द करा.

गाडीवानाचा नातू
'गोठण' गायींची असते राव.

सुमनकाकू
हिम हिम करताय, पण 'हिव' विसरलात. हिवाळा, हिवताप, सगळं त्यातलंच. आमची आई म्हणायची, 'पोराला हिव भरलंय, कुंची घाल.'

चिमणी
काकू, कुंचीवरच परत आलात! मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. पाठुंगळी ठेवू की काढू?

बार्शीकर
'पाठकुळी' करा, वाद मिटला.

गाडीवानाचा नातू
हो, पण त्यातलं 'कूळ' कुणाचं, तेवढं सांगा आधी.